दोन-सहाचं माप

बालाजीरावांनी मला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या सासरच्यांनीही दिला नसेल, आणि ती मंडळीही काही कमी नव्हती. पण सासरच्यांसाठी मी कधी वर्कशॉपच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले नाही. बालाजीरावांसाठी रडले.

अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चंद्रमौळी सरांचं लेझर कटिंगचं छोटं वर्कशॉप होतं. मशीनवर पत्रा ठेवायचा, कॉम्प्युटरमधून रेषा द्यायच्या, त्या रेषांवरून लेझर फिरायचा आणि पत्रा कापला जायचा. मी मूळची इचलकरंजीची. नवऱ्याला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून २००४ साली चेन्नईत आले आणि या वर्कशॉपमध्ये कॅडवर, म्हणजे आराखड्यांच्या सॉफ्टवेअरवर, बसायला लागले. तमिळ येत नव्हतं, ऊन सोसत नव्हतं आणि डोकं मुळातच गरम. सर एकदा म्हणाले, "तुमच्या भाषेचा एक माणूस आहे आपल्याकडे." मला वाटलं, चला, कोणीतरी सांगली-कोल्हापूरकडचं भेटेल. भेटले बालाजीराव.

ते तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इथलेच झाले. बालाजीरावांनी महाराष्ट्र पाहिलाही नव्हता. राहायला जवळच्या आवडी गावात, दोघं नवराबायको, मूलबाळ नाही. पन्नाशी उलटलेली, कपाळावर गंध, खिशात पेन्सिल. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम्ही आलां, मज फार बरां वाटलां." आपल्या पणजोबांच्या कागदपत्रांतली मराठी कोणी तमिळ सुरात वाचून दाखवावी, तसं ते ऐकू यायचं. मी तोंडावर पदर धरून हसले होते. नंतर त्याच बोलण्याची मला इतकी सवय झाली, की इचलकरंजीला गेल्यावर आईच म्हणायची, "हे काय गं, 'कळलां-कळलां' करतेस?"

बालाजीराव तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पुढे फ्लेक्स आले आणि रातोरात त्यांचा ब्रश बेकार झाला. आवडीच्या बाजारातली त्यांची खोली गेली आणि त्यांनी अंथरूणच धरलं, दुखणं कसलंही नसताना. त्यांना उठवलं चंद्रमौळी सरांनी. सरांच्या वर्कशॉपची पहिली पाटी बालाजीरावांनीच रंगवली होती. सर त्यांना म्हणाले, पाट्या राहू देत, देवघराच्या दारांना पितळी जाळ्या लागतात, त्यांची चित्रं काढा. मोर, हंस, हत्ती, वेली. बालाजीरावांनी घरी बसून पेन्सिलीने एक मोर काढला. मी तो पाहिला आणि माझं हसू थांबलं. असा मोर मी जन्मात पाहिला नव्हता.

पण कागदावरचा मोर पत्र्यावर यायचा म्हणजे भानगड होती. बालाजीराव खऱ्या मापात चित्र काढायचे. कागद आवडीच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये स्कॅन व्हायचा, तिथला माणूस त्यावरून रेषा काढून द्यायचा, आणि त्या फाईलची सीडी घेऊन बालाजीराव लोकलने माझ्याकडे यायचे. मूळ कागद आवडीतच राहायचा, कारण तिथले सुतार नारायणस्वामी त्या कागदावरूनच सागवानी चौकट करायचे. आता ते चित्रांचं सॉफ्टवेअर पॉइंटमध्ये मोजतं, एका इंचाचे बहात्तर. माझं कॅड नुसता आकडा घेतं आणि मिलिमीटर समजून मोकळं होतं. त्यात तो सेंटरवाला चित्र पानात बसवायला स्वतःच्या मर्जीने लहानमोठं करायचा. परिणामी वीतभर मोर माझ्या पडद्यावर म्हशीएवढा यायचा, नाहीतर झुरळाएवढा. आणि अमुक रुंदीचा आहे हे कुठेही लिहिलेलं नसायचं.

"बालाजीराव," मी म्हटलं, "चित्राशेजारी शंभर मिलिमीटरची एक सरळ रेघ काढत जा. बास. रेघेवरून मी सगळं मापात आणते."

"हत्तीच्या शेजारीं रेघ कशाला, अम्मा? त्याला बांधून घालायचा आहे कां?"

"बांधा, नाहीतर तुमचा हत्ती मी मुंगीएवढा कापून देईन."

ते हसले, मान डोलावली आणि पुढच्या वेळी रेघ न काढता आले. तीस वर्षं पाट्या केलेला माणूस. चित्रात जे नाही ते चित्राशेजारी काढायला त्यांचा हातच उठेना. मी चिडले, आवाज चढवला, सरांकडे तक्रार केली. सर म्हणाले, दोन मराठी माणसांच्या भांडणात मला ओढू नका.

मग एक दिवस सीडीवर हंसांची जोडी आली आणि कोपऱ्यात एक सुबक वर्तुळ. "हे काय?"

"बायकोची बांगडी. आंतल्या बाजूनं पेन्सिल फिरवली. माप दोन-सहा. तुम्ही बायका आहां, तुम्हांस ठाऊक असेल."

होतंच ठाऊक. काचेच्या बांगडीचं माप आतल्या व्यासाचं असतं, इंच आणि इंचाचे सोळावे भाग. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, म्हणजे साठ पूर्णांक तीन मिलिमीटर. मी वर्तुळ तेवढं केलं, त्याबरोबर सगळं चित्र मापात आलं, पितळ कापलं, आणि हंस नारायणस्वामींच्या चौकटीत केसाचंही अंतर न राहता बसले. रेघ ती रेघच, शास्त्रशुद्ध, हे मी त्यांना सुनावलंच. पण मनात म्हटलं, गोल तर गोल. सांधा जुळला म्हणजे झालं.

पुढची दोनेक वर्षं फार छान गेली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बांगडी. आमचा मशीनवाला सीडी घालण्याआधी ओरडायचा, "वळैयल इरुक्का?" बांगडी आहे ना? बालाजीराव कधी कधी घरून डबा आणायचे. आंबट-तिखट डांगर, पिठलं, तंजावरकडचं सांबार. सांबार हे मूळ आमचंच, असं ते शपथेवर सांगायचे आणि सर चिडायचे. अन्नपूर्णाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी तोवर पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या हाताची चव मला माहीत होती आणि त्यांच्या हाताचं मापही.

२००७ साली मोरांचं काम आलं. अण्णा नगरच्या एका मोठ्या घरातलं देवघर, दोन दारं, दारांत मोरांची रांग. बालाजीराव त्यात इतके रमले की विचारू नका. पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळा. जाळी कापली, पॉलिश केली, आवडीला पाठवली, आणि दुसऱ्याच दिवशी नारायणस्वामी स्वतः ती परत घेऊन आले. चौकटीत बसत नव्हती. दोनशे मिलिमीटरचा मोर दोनशे अकराचा झाला होता.

मी सेंटरवाल्याला फोनवर झापलं. फाईल पुन्हा घेतली, आकडेमोड पुन्हा केली, एका कोऱ्या पत्र्यावर पुन्हा कापून पाहिलं. पुन्हा दोनशे अकरा. चूक असेल तर चूक कधी इकडे, कधी तिकडे होते. ही दर वेळी तेवढीच होत होती, आणि तशी चूक मला सहन होत नाही. मी बालाजीरावांना म्हटलं, "मूळ कागद घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी आणला. मी व्हर्नियर कॅलिपर लावला. मोर बरोबर दोनशे. मग कोपऱ्यातल्या वर्तुळाला लावला. सत्तावन्न.

"ही दोन-सहा नाही, बालाजीराव," मी तावातावाने म्हटलं. "ही दोन-चार आहे! सत्तावन्नचं वर्तुळ मी साठाचं करत होते, म्हणून मोर फुगला. इतकं पितळ वाया गेलं. नवीन बांगडी घेतली तर सांगायचं नाही का मला?"

"नवीन कुठली? माप कसां बदलेल?" ते म्हणाले. "लग्नात दोन-चार होतां. मग दोन-सहा झालां, तें आजतागाईत तेंच."

"मग हे काय आहे?"

त्यांनी माझ्या हातातून कॅलिपर घेतला. स्वतः लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि तेवढ्यात मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. मोठ्या बाईचं बांगडीचं माप उगाच उतरत नाही. बांगडी हाताच्या हाडांवरून चढावी लागते. हात झिजल्याशिवाय दोन-सहावालीला दोन-चार होत नाही.

माझा राग पाण्यासारखा ओसरला. मी म्हटलं, "काकूंना बरं नाही का?"

"काय की," ते म्हणाले. "उपास फार करते. शुक्रवार, एकादशी." मग कागदाची गुंडाळी करायला लागले आणि ती त्यांना जमेना. माझ्यासमोर या माणसाने हत्तीच्या सोंडेची रेषा एका दमात काढली होती, आणि त्याला आता एक कागद गुंडाळता येत नव्हता. मी गुंडाळून दिला.

काकूंना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पोटात गाठ होती आणि ती आता फक्त पोटात राहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. हे वाक्य सगळेच डॉक्टर म्हणतात आणि ऐकणारा ते जन्मभर उगाळत बसतो.

मी आवडीला भेटायला गेले. दोन खोल्या, भिंतीवर तुळजाभवानीची जुनी तसबीर, खिडकीपाशी बालाजीरावांचं बैठं मेज. अन्नपूर्णाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बालाजीराव कॉफीपूड आणायला गेले होते. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माझी बांगडी मोजली ती तूंच ना?"

"हो, काकू."

"चुगली केलीस ग, पोरी." आणि हसल्या. पोटात दुखलं असावं, कारण हसू मध्येच थांबलं.

मी विचारलं, लपवलं का? त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय.

"ते चित्र काढतांना माझ्याकडं बघत नाहींत. ऐकतात. मी आंत भांडीं घांसतें, बांगड्या वाजतात, ते काढतात. वाजणां थांबलां कीं मान वर करतात. दोन-सहा सैल झाली, कोपरापर्यंत जाऊं लागली, खाली येतांना खळकन् वाजे. त्यांस कळलां असतां. म्हणून दोन-चार घेतली. आवाज पहिल्यासारखा झाला."

"पण का, काकू?"

"पाट्या गेल्या तेव्हां भिंतीकडं तोंड करून निजले ते वर्षभर. मी बघितलें आहे तें. आतां मोर काढत होते. म्हटलां, मोर होऊं दे. मग सांगतें."

मला त्या बाईचा भयंकर राग आला. वाटलं, खांदे धरून हलवावं. मोर! पितळेचे मोर! कोणाच्या तरी देवघराच्या दारावरचे! आणि त्यापायी ही बाई स्वतःचं मरण पदराखाली झाकून भांडी घासत बसली. पण मी खाटेच्या कडेवर बसून त्यांचा हात हातात घेतला, आणि तो इतका हलका होता की राग टिकेना.

"पण काकू," मी म्हटलं, "बांगडी तर तुम्हीच काढून देत होतात ना त्यांना, गोल काढायला? मापासाठी?"

"मापासाठी?" त्या म्हणाल्या. "मज कुठं ठावें? ते म्हणत, बांगडी दे. मी समजलें, चित्राला दृष्ट लागूं नये म्हणून गोल काढतात. मुलांच्या गालाला काळा ठिपका लावतात कीं नाहीं, तसां. देतांना मी मनांत देवीचां नांव घेत होतें." मग त्याच म्हणाल्या, "माप आहे हें ठावें असतां तर जुनी दोन-सहाच ठेवली असती कीं एक."

दाराशी चपला वाजल्या. बालाजीराव आले. मला म्हणाले, "काय बोलत होतां?" मी म्हटलं, "काकूंना सांगतेय, तुम्हाला रेघ काढायला शिकवा. गोलाचा नाद सोडा म्हणावं."

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मी आहें तोंवर बांगडीच. माझ्या मागून काय काढायची ती रेघ काढा."

त्यानंतर बालाजीराव काम सोडतील अशी मला खात्री होती. सोडलं नाही. उलट जास्त काढायला लागले. घरी बसून काढता येत होतं, आणि काकू आतून विचारत, आज काय काढलां? मोरांची जाळी नव्या मापाने पुन्हा कापली, ती चौकटीत बसली. आता ते प्रत्येक सीडीबरोबर माप सांगायचे, आणि खरं सांगायचे. आधी दोन-चार. पोंगलनंतर एकदा मेजासमोर उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दोन-दोन."

मी आकडा घातला. चित्र बरोबर आलं. कधी नव्हे ते प्रत्येक चित्र बरोबर येत होतं आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली होती. वर्तुळ लहान होत होतं, मोर मात्र दोनशेचा दोनशे.

"आतां मीच आणतों बांगड्या," ते म्हणाले. "बांगडीवाली विचारते, दोन-दोन कोणाला? मुलीला कां?"

"मग?"

"होय म्हटलों. मुलीला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुलगी नाहीं झाली आम्हांस. पण दुकानांत उभा राहून तेवढां म्हणतांना बरां वाटलां."

त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न होतं. मी इचलकरंजीला गेले ती जूनमध्ये परतले. निघण्याआधी आवडीला जाऊन आले होते. बाई झोपलेल्या होत्या, हातात दोन-दोनच्या दोनच बांगड्या, त्याही मनगटावर सैल. परत आले त्या सकाळी चंद्रमौळी सर नव्या शेडच्या कामासाठी गुम्मिडिपूंडीला गेले होते. माझ्या मेजावर सीडी ठेवलेली होती. बालाजीरावांचं अक्षर. मी मनातल्या मनात म्हटलं, म्हणजे सगळं ठीक असणार. चित्र काढतायत म्हणजे ठीक असणार.

फाईल उघडली. हत्ती होता. एका लग्नाच्या हॉलच्या फाटकासाठी, सोंड वर केलेला, पाठीवर झूल, झुलीवर बारीक वेल. सुंदर हत्ती. मी सवयीने कोपऱ्यात गेले.

कोपऱ्यात एक सरळ रेघ होती. तिच्या खाली, पाट्यांवर काढायचे तशा वळणदार आकड्यांत, शंभर.

मी ती किती वेळ बघत बसले कोण जाणे. मशीनवाल्याने मागून विचारलं, "वळैयल इरुक्का?" आणि मी उठून बाहेर गेले.

बालाजीराव बाहेर चहाच्या टपरीपाशी बाकावर बसले होते. दाढी वाढलेली, कपाळ मोकळं. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनीच सांगितलं. मी इचलकरंजीला गेल्याच्या पुढच्याच आठवड्यात. दुपारी. ते मेजाशी बसून हाच हत्ती काढत होते. आतून आवाज येईनासा झाला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"बायका जमल्या," ते म्हणाले. "सवाशीण गेली, हिरव्या बांगड्या भरायच्या. विचारलें, माप काय? मी सांगितलों, दोन-सहा. त्या म्हणाल्या, निसटतील हो, हात राहिला नाहीं. मी म्हटलों, निसटूं दे. तिचां माप तें. दोऱ्यानं बांधल्या मग. मनगटाला. मोठा हिरवा चुडा, अम्मा. फार वाजला, उचलतांना."

त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ते वडलांच्या वयाचे, भर रस्ता, आजूबाजूला कारखान्यांची माणसं. मी ठेवला तरी.

मग त्यांनी डोळे पुसले, खिशातली पेन्सिल चाचपली आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही इतकीं वर्षें सांगत होतां तें काढलों या वेळीं. रेघ." एखाद्या शहाण्या विद्यार्थ्याने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "माप बरोबर आलां कां?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की नको ती रेघ. चुकीचं आणा. मोराची म्हैस होऊ दे, हत्तीची मुंगी होऊ दे, सगळं पितळ वाया जाऊ दे, पण कोपऱ्यात तो गोल असू दे. पण ते वाट बघत होते.

"हो, बालाजीराव," मी म्हटलं. "बरोबर आलं."